पायाखालचा दाब: स्प्रिंग, काळी माती आणि औंढ्याचं शिवार

आजचा प्रश्न अगदी साधा आहे. एखादी इमारत तिच्या खालच्या जमिनीला नेमकं किती दाबते, आणि ते आपल्याला कळतं कसं?

कुणाही स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात आज गेलात, तर तो कॉम्प्युटरवर एक रंगीत चित्र दाखवेल. पायाचा अख्खा स्लॅब चौकोनांच्या जाळीत कापलेला. मधे निळा-हिरवा, कडेला पिवळा आणि चार कोपऱ्यांत लालभडक. मातीच्या रिपोर्टात लिहिलेलं असतं की ही जमीन चौरस मीटरला 20 टन पेलेल. कोपऱ्यातला लाल ठिपका म्हणतो 35 टन. मग धावाधाव सुरू. स्लॅब जाड करा, पाया आणखी बाहेर काढा, लोखंड वाढवा. हा पैसा कुणाच्या तरी खिशातून जातो. गावच्या शाळेचं काम असेल तर एखादी वर्गखोलीच कमी होते, असं समजा. कधी याच्या उलट होतं. चित्र हिरवंगार असतं, आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते.

तो लाल ठिपका खरा की खोटा, हे चित्राकडे टक लावून कळत नाही. तो आकडा कुठून कुठून फिरून आपल्यापर्यंत आला, हे माहीत असेल तरच कळतं. तेव्हा आज तो प्रवास बघू. त्यात प्राग आहे, कॅनडातलं एक धान्याचं कोठार आहे, विमानाचा पंख आहे. सुरुवात आणि शेवट मात्र हिंगोली जिल्ह्यात, कारण पायाचा प्रश्न जितका अवघड करता येईल तितका तिथल्या जमिनीनं करून ठेवलाय.

हिंगोली जिल्हा तसा नवा. 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला. जमीन मात्र फार जुनी. खाली दख्खनचा काळा पाषाण, त्यावर कुजलेल्या दगडाचा मुरूम, आणि त्यावर काळी माती. ही काळी कुठं वीतभर, तर कुठं दोन-तीन पुरुष खोल. औंढा, सेनगावच्या बाजूला डोंगराळ, मुरमाड जमीन. वसमतकडे पूर्णेच्या अंगाला भारी काळी. एकाच शिवारात शंभर पावलांवर जमीन बदलते, हे तिथल्या कुणाही शेतकऱ्याला विचारा.

आपल्याकडे गावाच्या जमिनीची वाटणीच मुळी दोन शब्दांत आहे: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. जुन्या महसुली कागदांतही ही जोडी भेटते. यात शेतजमीन वाचवण्याचा हिशेब आहेच, पण घर काळीवर बांधू नये ही समजही त्यात आहे. मला तर वाटतं, धारणक्षमतेचा हा आपल्याकडचा पहिला नकाशा. त्यात आकडा नाही, फक्त हो किंवा नाही. खुद्द औंढ्याचं नागनाथाचं देऊळ बघा. खालचा भाग यादवांच्या काळातला, वरचा नंतर बांधलेला. एवढा दगड रुंद जोत्यावर पसरून बसवलाय. ज्यांनी बांधलं त्यांनी चौरस मीटरला किती टन हा हिशेब नक्कीच मांडला नसेल. पण वजन पसरायचं आणि घट्ट जमिनीपर्यंत जायचं, या दोन गोष्टी त्यांना पक्क्या ठाऊक होत्या.

आकडे आले ते इंजिनिअरिंग कॉलेजं आणि बांधकाम खात्यांबरोबर. सुरुवातीचे आकडे म्हणजे कोष्टकं होती. आपल्या भारतीय मानकांतही असं कोष्टक आलं, आणि ते वाचायला मोठी गंमत आहे. एका टोकाला कठीण अखंड खडक, चौरस मीटरला 330 टन. दुसऱ्या टोकाला अंगठा दाबला की काही सेंटीमीटर आत जाईल अशी मऊ चिकणमाती, 5 टन. मधल्या पायऱ्यासुद्धा अंगठ्यानंच मोजलेल्या: नख उमटतं का, जोर लावून खळगा पडतो का. हसू नका. खड्ड्यात उतरून माती हातात घेणारा माणूस त्या कोष्टकात गृहीत धरलेला आहे. आजच्या रंगीत चित्रात तो सापडत नाही.

आता स्प्रिंगकडे येऊ.

1867 साली प्रागमध्ये एमिल विंकलर नावाच्या प्राध्यापकानं पदार्थांची लवचीकता आणि ताकद यावर एक पुस्तक काढलं. ते दिवस रेल्वेचे. लोखंडी रूळ, खाली लाकडी स्लीपर, त्याखाली खडी आणि माती. चाकाच्या वजनानं रूळ किती वाकेल? विंकलरनं फार सोपी कल्पना मांडली. एखाद्या जागी जमीन जितकी खचते, तितक्याच प्रमाणात त्या जागी ती उलटा दाब देते. दुप्पट खचली तर दुप्पट दाब. म्हणजे रुळाखाली एकाला एक लागून स्प्रिंगा उभ्या आहेत असं समजायचं. या कल्पनेवर पुढे 1888 मध्ये झिमरमननं रेल्वेमार्गाचं सगळं गणित बसवलं, आणि ते छान चाललं.

यात एक खोच आहे. विंकलरची प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र असते. शेजारची दबली तरी हिला पत्ता नाही. खरी जमीन अशी वागत नाही. घरची सुंभाची बाज आठवा. मधोमध बसलं की तुमच्या खालचीच सुंभं खाली जातात का? शेजारचीही ओढली जातात, पार कडेपर्यंत खोलगट होतं. जमीन ही बाजेसारखी आहे, सुट्या स्प्रिंगांसारखी नाही. हे गणितानं दाखवलं फ्रान्सच्या बूसिनेस्कनं, 1885 मध्ये. जमिनीवर एका ठिकाणी वजन ठेवलं तर खाली आणि आजूबाजूला दाब कसा पसरत जातो, याची सूत्रं त्यानं दिली.

या दोघांतला फरक समजला की अर्धा विषय संपला. एका मोठ्या लवचीक स्लॅबवर सगळीकडे सारखं वजन पसरा. विंकलरची जमीन म्हणेल, सगळीकडे सारखं खचलं, स्लॅब अजिबात वाकला नाही. बूसिनेस्कची जमीन म्हणेल, मधे जास्त खचलं, कडेला कमी, स्लॅब बशीसारखा झाला. खऱ्या इमारती दुसऱ्याच्या बाजूनं साक्ष देतात. आणि स्लॅब अगदी ताठ असेल, वाकतच नसेल, तर बूसिनेस्कच्या गणितात कडेला दाब वाढत वाढत अनंत होतो. अनंत दाब अर्थातच कुठली माती सोसत नाही. ती कडेला थोडी हार मानते आणि भार आतल्या बाजूला सरकतो. चिकणमातीत कडेला दाब जास्तच राहतो, वाळूवर उथळ पाया असेल तर उलट कडेलाच कमी होतो, कारण कडेची वाळू बाजूला निसटते. म्हणजे एकच पाया, एकच वजन, आणि दाबाचा नकाशा मातीप्रमाणे वेगळा.

आता कॅनडात जाऊ. विनिपेगजवळ ट्रान्सकोना नावाचं गाव होतं. तिथं कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेनं 1913 मध्ये गव्हाचं प्रचंड कोठार बांधलं. पासष्ट उंच काँक्रीटच्या कोठ्या, सगळ्या मिळून एकाच राफ्टवर. रिकाम्या इमारतीचंच वजन 20 हजार टन. बांधायच्या आधी जमिनीची चाचणी झाली होती. छोट्या तुकड्यावर वजन ठेवून बघितलं, जमिनीनं भरपूर पेललं. सप्टेंबरमध्ये धान्य भरायला सुरुवात झाली. 18 ऑक्टोबरला कोठार खचायला लागलं, तासाभरात फूटभर. मग ते कलंडत गेलं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सुमारे 27 अंशांत तिरकं होऊन थांबलं. कोठ्या फुटल्या नाहीत, काँक्रीट शाबूत. वरच्या बांधकामात खोट नव्हतीच. जमीनच खालून सरकली होती. आणि ज्या दाबाला ती सरकली, तो चाचणीत पेललेल्या दाबापेक्षा कमी होता!

हे कसं झालं? ढोबळ नियम असा, की चौरस पायाचा दाब त्याच्या रुंदीच्या दुपटीइतक्या खोलीपर्यंत जाणवतो. त्या खाली तो दहाव्या हिश्शावर येतो. फूटभर रुंदीची लोखंडी प्लेट जमिनीवर ठेवून चाचणी केली, तर ती दोन फुटांपर्यंतची माती विचारते. कोठाराचा राफ्ट साडेतेवीस मीटर रुंद. तो पार खालपर्यंतच्या थरांना विचारतो. ट्रान्सकोनाला वरची चिकणमाती घट्ट होती, खालची मऊ. प्लेटला वरचीच भेटली. पेक आणि ब्रायंट यांनी 1953 मध्ये हे प्रकरण पुन्हा उकललं, खालच्या थराची खरी ताकद धरून हिशेब केला, तर उत्तर कोठार पडलं त्या दाबाच्या अगदी जवळ आलं. कोठार मात्र तोवर कधीच सरळ करून, खाली खडकापर्यंत खांब नेऊन, पुन्हा कामाला लावलेलं होतं.

आपल्याकडे प्लेट लोड टेस्टचं मानक आहे, आयएस 1888. प्लेट असते 30 ते 75 सेंटीमीटरची. हिंगोलीसारख्या ठिकाणी याचा अर्थ काय होतो बघा. काळीवर दोन फूट मुरमाची भर घातली, चांगली दाबली, आणि वर 30 सेंटीमीटरची प्लेट ठेवून चाचणी घेतली. रिपोर्ट सुंदर येईल. तो रिपोर्ट मुरमाच्या भरीचा असेल, खालच्या काळीला कुणी विचारलेलंच नसेल.

या सगळ्यातून शास्त्र बांधलं ते कार्ल टेरझागींनी. योगायोग असा की त्यांचा जन्मही प्रागचाच, 1883 चा. इस्तंबूलला शिकवत असताना त्यांनी 1925 मध्ये मृदायांत्रिकीवरचं पहिलं मोठं पुस्तक काढलं, आणि 1943 मध्ये धारणक्षमतेचं ते सूत्र दिलं, जे आजही आपल्या आयएस 6403 च्या मुळाशी आहे. पण आपल्या कामाचा आहे त्यांचा 1955 सालचा एक लेख. विषय: विंकलरच्या स्प्रिंगचा आकडा ठरवायचा कसा.

त्यात टेरझागी काय म्हणतात, ते माझ्या शब्दांत सांगतो. हा स्प्रिंगचा आकडा मातीचा गुणधर्म नाही. तो माती आणि पाया या जोडीचा आहे. पाया रुंद झाला की आकडा उतरतो. चिकणमातीत तर रुंदीच्या व्यस्त प्रमाणात. फूटभर प्लेटवरून काढलेला आकडा दहा मीटर रुंद राफ्टला लावायचा असेल, तर तो तेहतिसाव्या हिश्शावर आणावा लागतो. दुसरं त्यांनी सांगितलं ते आणखी महत्त्वाचं. या पद्धतीनं स्लॅब किती वाकेल, लोखंड किती लागेल, हे काढा. जमीन किती खचेल हे यातून काढू नका. का? कारण वाकण्याच्या गणितात स्प्रिंगचा आकडा चौथ्या मुळात येतो. तुमचा आकडा दुपटीनं चुकला तरी त्या गणितातली मुख्य संख्या 19 टक्केच हलते. खचण्याच्या गणितात मात्र चूक दुप्पट तर उत्तरही सरळ दुप्पट चुकतं. एकच आकडा, एका कामाला बऱ्यापैकी, दुसऱ्याला घातक. सत्तर वर्षं झाली या लेखाला. तरी कॉम्प्युटरवरचं खचण्याचं चित्र बघून "राफ्ट 18 मिलिमीटर खचेल" असं ठामपणे लिहिणारे रिपोर्ट अजून निघतात.

फायनाइट एलिमेंटची गोष्ट मी भरभर सांगतो, कारण ती जमिनीची नाहीच. विमानाच्या पंखांचं गणित हातानं सुटेना, तेव्हा बोइंगमधले टर्नर आणि त्यांच्याबरोबर क्लफ, मार्टिन, टॉप यांनी 1956 मध्ये पंखाचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येकाचं सोपं गणित जोडण्याची रीत मांडली. त्या तुकड्यांना फायनाइट एलिमेंट हे नाव क्लफनी 1960 मध्ये दिलं. 1965 मध्ये च्युंग आणि झिएनकिएविच यांनी ती रीत जमिनीवर टेकलेल्या स्लॅबना आणि टाक्यांना लावली. क्लफांचे विद्यार्थी एडवर्ड विल्सन यांनी बर्कलेत 1970 मध्ये सॅप हा प्रोग्रॅम लिहिला. आज जिल्ह्याच्या गावातला इंजिनिअर जो सेफ किंवा ईटॅब्स उघडतो, ते याच घराण्यातले. जाळी साठ वर्षांत बारीक झाली, रंग आले. पण जाळीच्या प्रत्येक गाठीखाली बहुतेक वेळा उभी असते ती 1867 सालची, शेजाऱ्याशी न बोलणारी स्प्रिंगच.

आता तो लाल ठिपका. एक हिशेब करू, वही घेतली तर बरं.

समजा राफ्ट 12 मीटर बाय 18 मीटर. म्हणजे 216 चौरस मीटर. इमारतीचं सगळं वजन 2160 टन, नेमकं मधोमध. सरासरी दाब चौरस मीटरला 10 टन. रिपोर्टात 20 टन मंजूर, म्हणजे निम्म्यानं सुरक्षित. जाळी एक-एक मीटरची. गाठी किती? एका बाजूला 13, दुसऱ्या बाजूला 19, एकूण 247. प्रत्येक गाठीखाली एक स्प्रिंग.

आता नीट बघा. आतल्या गाठीच्या वाट्याला एक चौरस मीटर जमीन येते. कडेच्या गाठीला अर्धा. कोपऱ्यातल्या गाठीला पाव. त्यामुळे स्प्रिंगही त्याच प्रमाणात हवी: पूर्ण, अर्धी, पाव. कुणी घाईत सगळ्या गाठींना सारखीच पूर्ण स्प्रिंग दिली, तर काय होईल? राफ्ट ताठ असेल तर सगळीकडे सारखा खचेल आणि 247 स्प्रिंगा वजन सारखं वाटून घेतील. 2160 भागिले 247, साधारण 8.75 टन प्रत्येकी. आतल्या गाठीवर दाब 8.75. कडेला हेच 8.75 टन अर्ध्या चौरस मीटरवर, म्हणजे 17.5. आणि कोपऱ्यात पाव चौरस मीटरवर, म्हणजे 35 टन!

हाच तो लाल ठिपका. जमिनीत तो नव्हताच, जाळीत होता. आणि यातली खरी गोची अशी की नेहमीची तपासणी इथं काही पकडत नाही. सगळ्या स्प्रिंगांची बेरीज करा, बरोबर 2160 येईल. वजन आणि उलटा दाब जुळतो, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. बेरीज जुळणं ही किमान अट आहे, वाटणी बरोबर असण्याचा तो पुरावा नाही. आजकालचे प्रोग्रॅम क्षेत्रफळावरून स्प्रिंग आपोआप वाटतात म्हणून ही चूक कमी झालीय, पण हातानं गाठीला स्प्रिंग देणारे अजून आहेत. आणि वाटणी बरोबर केली तरी एखाद्या कॉलमखालच्या एका गाठीचा शिखर-आकडा घेऊन तो मातीच्या रिपोर्टाशी भिडवण्यात अर्थ नाही. रिपोर्टातला आकडा पायाच्या बऱ्यापैकी मोठ्या पट्ट्याला उद्देशून असतो. पट्ट्याची सरासरी घ्या, मग तुलना करा.

उलट एक लाल खूण कधीही दुर्लक्षू नये. स्प्रिंग दाबते तशी ओढतेही, माती मात्र ओढत नाही. वजनाचा मध्य राफ्टच्या मधल्या तिसऱ्या भागाच्या बाहेर गेला, म्हणजे 12 मीटरच्या दिशेनं मध्यापासून दोन मीटरच्या पलीकडे, की दुसरी कड उचलायला बघते. साधं मॉडेल तिथं जमिनीला राफ्ट धरून ठेवायला लावतं आणि कागदावर सगळं ठीक दिसतं. त्या ओढणाऱ्या स्प्रिंगा काढून पुन्हा गणित करायचं, पुन्हा बघायचं, त्या संपेपर्यंत. तोवर दाबलेल्या बाजूचा आकडा खोटाच, आणि तो कमी दाखवणारा खोटा.

आता स्प्रिंगचा आकडा मुळात येतो कुठून? अमेरिकन लेखक बोल्स यांच्या पुस्तकातलं एक सूत्र सगळीकडे चालतं: मंजूर दाब गुणिले सुरक्षा गुणक गुणिले 40. हे 40 काय आहे, हे फार थोड्यांना विचारावंसं वाटतं. एक इंच म्हणजे 0.0254 मीटर. एकाला त्यानं भागा, येतात साधारण 40. म्हणजे जमीन एक इंच खचली की तिची अंतिम ताकद लागली, एवढंच त्या सूत्रात गृहीत आहे. आपल्या 20 टनांच्या जमिनीला, गुणक 3 धरून, आकडा येतो 2400. दुसरा इंजिनिअर म्हणेल, मंजूर दाबाला 25 मिलिमीटर खचणं, म्हणून 20 भागिले 0.025, 800. तिसरा म्हणेल, राफ्टसाठी हा 20 टन दाब 75 मिलिमीटर खचणं धरूनच दिलाय, तर 267. एकाच मातीला तीन आकडे, नऊ पटींचा फरक. आणि तिघांकडेही रंगीत चित्र आहे. म्हणून मातीच्या रिपोर्टात मंजूर दाबाशेजारी तो किती खचण्यासाठी दिलाय हे लिहिलेलं नसेल, तर तो रिपोर्ट अर्धा आहे. परत पाठवावा. जाळी आणखी बारीक करण्यापेक्षा एक बोअर जास्त घेतलेला कधीही परवडतो, हे माझं मत.

हिंगोलीच्या काळीत तर स्प्रिंग ही कल्पनाच अपुरी पडते. स्प्रिंग दाबल्याशिवाय ढकलत नाही. काळी माती पाणी प्यायली की कुणी न दाबता ढकलते, आणि उन्हाळ्यात आटली की पायाखालून निघून जाते. मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज तिच्या मुळाशी आहे. ते आपल्या थरांत पाणी घेऊन फुगतं. चैत्रात जिच्यात हात जाईल एवढ्या भेगा, ती श्रावणात चिकटून पायतण ओढून घेते. या मातीत गंमत अशी की दाब कमी असणं हीच अडचण होते. चार मजली इमारत फुगणाऱ्या मातीला निदान दाबून तरी धरते. एक मजली घर, कंपाउंडची भिंत, कालव्याचं अस्तर, ओट्याची फरशी, यांना ती सहज उचलते. कॉम्प्युटरच्या चित्रात ही बांधकामं सगळ्यात हिरवी दिसतात.

या मातीवर उत्तरं आपल्याकडेच शोधली गेली. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळाशी फुगा असलेले पाइल विकसित केले. ऋतुमानानं माती हलते त्या थराच्या खाली फुगा अडकतो, आणि वर घर जमिनीला न टेकता त्या पाइलवर बसतं. आयएस 2911 च्या तिसऱ्या भागात ते आले. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दुसरा रस्ता काढला. काळीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा साधारण मीटरभर थर द्यायचा, की खालच्या काळीचं फुगणं आटोक्यात येतं. 1970 च्या दशकात कर्नाटकातल्या मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांवर ही रीत वापरली गेली आणि पुढे कालव्यांच्या मानकात आली. दोन्ही उपायांत फुगणाऱ्या जमिनीचा अचूक दाब काढायचा हट्ट नाही. फुगणं पायापर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढीच व्यवस्था आहे.

या सगळ्यानंतर औंढ्याला परत जाऊ. 2015 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी गुरुत्वलहरी पहिल्यांदा टिपल्या. 2016 च्या फेब्रुवारीत भारतातल्या तशाच वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी मिळाली, आणि जागा ठरली ती औंढा नागनाथ तालुक्यातली दुधाळ्याची. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 2600 कोटींचा खर्च मंजूर केला, 11 मे ला कोनशिला झाली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. त्यातून साधारण सव्वा मीटर व्यासाची निर्वात नळी, आणि तिच्यातून लेझरचा किरण. टोकाला टांगलेल्या आरशांच्या अंतरात प्रोटॉनच्या रुंदीच्या दहाहजाराव्या हिश्शाएवढा फरक पडला तरी ओळखायचा.

आता आपल्या भाषेत विचार करा. ही नळी जमिनीला दाबते किती? फार थोडं. लाल ठिपका पडण्याचा प्रश्नच नाही. धारणक्षमता हा इथला मुद्दाच राहत नाही. मुद्दा आहे तो चार किलोमीटरच्या सरळ रेषेत एक तुकडा दुसऱ्यापेक्षा किती खाली-वर होतो, हा. पृथ्वीच्या गोलाईमुळेच एवढ्या अंतरात मीटरभराचा फरक पडतो आणि तो पाया बांधताना काढावा लागतो. आणि वजन हलकं असणं, म्हणजे मघाशी सांगितलेली काळीची आवडती शिकार! मराठवाड्यात चार किलोमीटर सरळ चालत जा. खडक, मुरूम, एखादा काळीचा खोलगट पट्टा, पुन्हा मुरूम, असं सगळं पायाखालून जातं. अशा जमिनीवरच्या लांबलचक स्लॅबला प्रत्येक टप्प्यावर वेगळी स्प्रिंग लागते.

त्यात भर भूकंपाची. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावात वर्षानुवर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात. 21 मार्च 2024 ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, पाठोपाठ 3.6 चा. 10 जुलैला पुन्हा 4.5. किल्लारीची 30 सप्टेंबर 1993 ची पहाट अनुभवलेल्या पिढीला असे आकडे ऐकून झोप लागत नाही, हे समजण्यासारखं आहे. वेधशाळेचे आरसे तर पाया हलणारच हे धरून लोलकांवर टांगलेले असतात आणि यंत्रं ती हालचाल सतत शोषत राहतात. अमेरिकेतल्या वेधशाळांत आरशांची दालनं ज्या जाड काँक्रीटवर उभी असतात ते इमारतीच्या भिंतींपासून वेगळं ठेवलेलं असतं, म्हणजे वाऱ्यानं भिंत थरथरली तरी ते आरशापर्यंत जात नाही.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. एक लांब, अरुंद, वाकू शकणारी पट्टी, खाली किलोमीटरच्या किलोमीटर जमीन, आणि प्रश्न एवढाच की कुठे किती खाली जाईल. हे विंकलरच्या रुळाचंच गणित आहे. ज्या कामासाठी ती स्प्रिंग 1867 मध्ये जन्मली, जवळजवळ त्याच आकाराचं काम दीडशे वर्षांनी दुधाळ्याच्या शिवारात आलंय. फरक इतकाच की रूळ दोन मिलिमीटर दबला तर गाडीला कळत नाही.

अशा कामात स्प्रिंगचा शेवटचा आकडा कुठलंही सूत्र देत नाही. राल्फ पेक यांनी, तेच ट्रान्सकोनावाले, 1969 च्या एका गाजलेल्या व्याख्यानात ती रीत मांडली होती. आधी शक्य तितका नीट अंदाज करा. मग बांधताना आणि नंतरही पायावर ठिकठिकाणी खुणा बसवून पातळी मोजत राहा. खचणं अंदाजापेक्षा वेगळं निघालं तर काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवा. मोजलेल्या खचण्यावरून मग उलटं गणित करून त्या जागची खरी स्प्रिंग काढा. काळ्या मातीच्या मुलखात त्यासाठी निदान दोन उन्हाळे आणि दोन पावसाळ्यांच्या नोंदी हव्यात, कारण मे महिन्यातली पातळी आणि सप्टेंबरमधली पातळी एकच जमीन सांगत असली तरी आकडे एक नसतात.